पाणी वापर संस्थेची हद्द आणि यादी: आमच्या मायनरवरचा अनुभव

यादीतलं सत्तेचाळिसावं नाव माझ्या सासऱ्यांचं होतं. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

२०१८ चा जून होता. मृग लागला होता आणि आमच्या महा-ई-सेवा केंद्रात बसायला जागा नव्हती. गर्दीतून वाट काढत कालवा निरीक्षक आले आणि टेबलावर सहा-सात पानं ठेवली. "वहिनी, एवढ्या गटांचे सातबारे काढून ठेवा. आपल्या मायनरवर पाणी वापर संस्था करायचीय. यादी एकदा ताळ्यावर आणू." मायनर म्हणजे मोठ्या कालव्यातून रानाकडे येणारा लहान कालवा, आणि पाणी वापर संस्था म्हणजे त्यावरच्या शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटायची संस्था. मी सहज बोट फिरवत खाली आले, तर तिथं मामांचं नाव, पुढे क्षेत्र २ हेक्टर १० आर. ही जमीन मामांनंतर माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावे झाली. मालक गेल्यावर माझ्या आणि माझ्या लेकराच्या नावे फेर झाला. तलाठ्याकडे सगळं नीट आहे, सातबारा कोरा आहे. पण पाण्याच्या कागदात जमीन अजून मामांचीच होती.

त्या दिवशी अंगावर आलेलं हे काम दीड-दोन वर्षं सुटलं नाही. आता आमची संस्था चालू आहे. दुसऱ्या मायनरवरचे लोक विचारायला येतात तेव्हा त्यांना बहुतेक निवडणुकीचं आणि पैशाचं ऐकायचं असतं. माझं सांगणं वेगळं असतं. निवडणुकीच्या आधी हद्द आणि यादी नीट करा, कारण पुढचं सगळं भांडण किंवा सगळा समजूतदारपणा तिथूनच निघतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. तिथून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. संभाजीनगर आणि जालना जिल्हा ओलांडून पाणी आमच्याकडे येतं. वाटेत फुटलेलं अस्तर, साचलेला गाळ, वेडी बाभळ आणि काठाला लावलेले सायफन. त्यामुळे इथं पोरासोरालाही 'टेल', म्हणजे पाणी पोचायचं शेवटचं टोक, हा शब्द माहीत असतो. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याची वेळ आली की नाशिक-नगरकडचे आणि आम्ही मराठवाड्यातले समोरासमोर उभे राहतो, आणि आम्ही म्हणतो की खालच्याचा हक्क आधी बघा. मग तेच पाणी आमच्या मायनरला सुटलं की वरचा गडी रात्री गेट उचलतो आणि तीन किलोमीटर खालचा माणूस कोरड्या चारीत बॅटरी मारत बसतो. मी टेलच्या बाजूची आहे. माझ्या रानात २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत कॅनॉलचं पाणी दोनदा आलं, तेही अर्ध्या वावरापर्यंत.

संस्था करायची म्हणजे नेमकं काय, हे सुरुवातीला कुणालाच नीट सांगता येईना. गावात पूर्वी सहकार कायद्याखाली एक संस्था झाली होती. ज्यांना वाटलं त्यांनी शेअर घेतला, ज्यांना नाही वाटलं ते बाहेर राहिले, आणि पाणी मात्र दोघांच्या मधून वाहत गेलं. ती संस्था कधी मिटली ते कळलंही नाही. म्हणून लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आम्हाला सभासद व्हायचंच नाही."

मी पाटबंधारे खात्याच्या शाखेतून कायद्याची मराठी प्रत मागून आणली: महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५. लेकरू झोपल्यावर वाचायला घेतली. कुठलाही कायदा हातात आला की आपण सरळ 'काय मिळणार, काय भरावं लागणार' त्या पानावर जातो. मीही तसंच केलं. पण तिथल्या प्रत्येक ओळीत 'लाभक्षेत्र', 'कार्यक्षेत्र', 'जमीनधारक' हेच शब्द होते, आणि त्यांचा अर्थ सुरुवातीच्या व्याख्यांत सांगितलेला होता. तेव्हा मागं फिरून पहिली पानं काढली आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचली. दोन-तीन रात्री गेल्या. पण एकदा ते डोक्यात बसल्यावर चित्र स्पष्ट झालं.

जुन्या पद्धतीत माणसं जमली की संस्था व्हायची. या कायद्यात आधी हद्द आखतात. ती अधिसूचित झाली की हद्दीच्या आतले जमीनधारक सभासद होतात. तिथं कुणाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. त्यानंतर एकेका शेतकऱ्यानं सात नंबरचा अर्ज भरून पाणी मागायचं थांबतं. पाणी मायनरच्या तोंडाशी मोजून संस्थेला ठोक मिळतं, संस्था ते सभासदांना वाटते आणि पाणीपट्टीही संस्थाच गोळा करून भरते. म्हणजे नकाशावरची एक रेषा तुमच्या बांधाच्या अलीकडून गेली की पलीकडून, यावर तुमचा पाण्याचा हक्कही ठरतो आणि तुमच्यावर बसणारी पट्टीही. हे मी पारावरच्या बैठकीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा लोक गप्प बसून ऐकायला लागले.

पहिला वाद त्या रेषेवरूनच झाला. आमचा मायनर शेजारच्या गावच्या शिवारातून येतो आणि मग आमच्या शिवारात उतरतो. उलट, आमच्या गावची पूर्वेकडची जमीन दुसऱ्याच मायनरवर आहे. गावातल्या जाणत्यांचं म्हणणं होतं की संस्था आपल्या गावापुरती हवी. ग्रामपंचायत, सोसायटी, रेशन, सगळं गावावर आहे, मग पाण्यालाच दोन गावं एकत्र कशाला? त्यात शेजारच्या गावाशी गायरानावरून जुनं बिनसलेलं.

उपअभियंता साहेबांनी शाळेच्या वर्गात फरशीवर निळा नकाशा अंथरला. पंख्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर खडूच्या पेट्या ठेवल्या. त्यांनी वाद घातला नाही, फक्त विचारलं, "गावाच्या शिवेवर हद्द घातली तर पाणी मोजायचं कुठं?" खरंच, शिवेवर ना गेट होतं, ना मोजायचं यंत्र. मोजमाप होतं ते एकाच ठिकाणी, मायनर जिथं वितरिकेतून, म्हणजे वरच्या मोठ्या फाट्यातून, फुटतो तिथल्या फ्ल्यूमवर. कायद्यानं कार्यक्षेत्र पाण्याच्या वाहण्यावरून ठरवायला सांगितलंय त्याचं कारण हेच. एका तोंडातून जेवढं पाणी आत गेलं त्याचा हिशेब एकाच संस्थेनं द्यायचा असेल, तर त्या तोंडाखालची सगळी जमीन एकाच हद्दीत पाहिजे. मध्येच रेषा मारली तर वरच्या गावानं किती वापरलं आणि खालच्याला किती उरलं याची मोजणी होणार नाही, आणि पट्टी मात्र दोघांवर अंदाजानं बसेल.

तरी नुसत्या बोलण्यावर कुणी ऐकलं नाही. दोन्ही गावांतले पाच-पाच जण नकाशा घेऊन चार सकाळी मायनरच्या काठानं चालले. मीही होते. प्रत्येक आउटलेटपाशी, म्हणजे मायनरमधून चारीत पाणी सोडायच्या तोंडापाशी, थांबायचं, खाली कोणकोणते गट भिजतात ते विचारायचं आणि नकाशावर रंग भरायचा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे एक तात्या आमच्या आबांना म्हणाले, "तुमच्याकडं चारीच राह्यली नाही की हो, पाणी कुठून यायलंय मग?" ती जागा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. आमचंही तसंच, त्यांच्याकडचा नाल्याखालून मायनरचं पाणी नेणारा फुटलेला सायफन आम्ही तोवर कधी बघितला नव्हता. पाणी वरच चोरीला जातं अशी आमची समजूत होती. त्यातलं बरंच नुसतं नाल्याला जात होतं.

याच फेरीत 'लाभक्षेत्र', म्हणजे कालव्याचं पाणी मिळतं असं धरलेली जमीन, या शब्दाचा खरा पेच समोर आला. यादीत आमच्याकडचे चार गट बरडावरचे होते. तिथं कॅनॉलचं पाणी चढत नाही हे शेळ्या राखणारं पोरगंही सांगेल. मूळ आखणीत ते कसे आत आले कोण जाणे. आणि दुसरीकडे तीन गट असे होते की त्यांना मायनरचं पाणी बिनघोर मिळत होतं, पण यादीत त्यांचं नाव नव्हतं. पाणी मिळूनही नाव नसेल तर पट्टी येत नाही. नाव असून पाणी नसेल तर पट्टीची धास्ती. पाणी मिळूनही यादीत नसलेले लोक अर्थातच 'आहे तसं राहू द्या' म्हणणारे.

बरडावरच्या मालकांचं म्हणणं मात्र वेगळं निघालं. त्यांच्यातले एक बाबा म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "मपल्या बापानं कॅनॉलला जमीन दिली. आज ना उद्या पाणी यील म्हणून दिली. अन् आता तुमी यादीतून बी काढायलाव?" त्यावर कुणाला काही बोलता येईना. त्यात आणखी एक गुंता होता. पुनर्वसनाच्या कायद्यातही 'लाभक्षेत्र' हाच शब्द आहे, पण तिथं त्याचं काम निराळं: प्रकल्पग्रस्तांसाठी जमीन राखायची म्हणून तिच्या विक्रीवर, वाटणीवर बंधनं येतात. आमच्याकडे काहींच्या सातबाऱ्यावर तसा शेरा होता. त्यामुळे कुणाला वाटे यादीत राहिलं तर जमीन विकता येणार नाही, आणि कुणाला वाटे यादीतून निघालं तर शेरा निघेल. दोन्ही गोष्टींचा आमच्या संस्थेच्या यादीशी संबंध नव्हता. तोच शब्द दोन कायद्यांत दोन अर्थांनी आहे, हे घरोघर जाऊन सांगावं लागलं.

शेवटी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायचं यंत्र, लावायचं ठरलं. साहेबांनी तिपाई आउटलेटपाशी रोवली आणि पाटकरी पट्टी घेऊन बरडाकडे गेला. आउटलेटच्या तळापेक्षा बांध जवळपास दोन फूट वर निघाला. मी बाबांना भिंगातून बघायला लावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, डोळा पुसला आणि म्हणाले, "मंग लिव्हा." पंचनाम्यावर त्यांनी अंगठा नाही, सही केली. चौथीपर्यंत शिकले होते. ते चार गट निघाले आणि भिजणारे तीन आत आले. त्या तिघांपैकी एकानं हरकत घेतली, पण फेरीच्या वेळी त्याचा हरभरा काढून झालेल्या रानात पाण्याच्या दांडाची खूण सगळ्यांनी बघितली होती, त्यामुळे ती टिकली नाही.

आता नावांचं. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं.

तेव्हा डिजिटल सहीचे सातबारे ऑनलाइन मिळायला नुकतेच लागले होते. मी एकेक गट काढत गेले आणि वहीत तीन रकाने आखले: पाण्याच्या यादीतलं नाव, सातबाऱ्यावरचं नाव, रानात प्रत्यक्ष राबणारा माणूस. तिन्ही रकान्यांत एकच नाव असलेले गट निम्म्याहून कमी भरले. मयत माणसं तर होतीच. काही ठिकाणी 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव, बाकीचे तिघे कागदावर नाहीतच. एका ठिकाणी 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता आई. ज्याला अज्ञान लिहिलं होतं त्याच्या नातवाचं बारसं आम्ही त्याच महिन्यात जेवून आलो होतो. २०२५ मध्ये शासनानं 'जिवंत सातबारा' मोहीम घेऊन वारसनोंदी लावायला सुरुवात केली. आमच्या वेळी तसं काही नव्हतं. एकेकाला गाठून मृत्यूचा दाखला काढायला लावायचा, वारसाचा अर्ज द्यायला लावायचा, फेरफाराची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. दिवाळीपर्यंत हेच चाललं.

बहिणींच्या नावावरून घराघरांत ताण झाला. वारस लावला की मुलींची नावं येणारच. एक भाऊ मला म्हणाला, "वहिनी, तिचं नाव यादीत कामून घ्यायलाव? ती हक्कसोड देणार हाय." मी म्हटलं, देईल तेव्हा काढू, आज सातबाऱ्यावर आहे तर आज ती जमीनधारक आहे. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याची बहीण मानवतला दिलेली. तिला कुणीतरी सांगितलं असावं, ती एसटीनं आली, केंद्रात माझ्यापुढं बसली आणि यादीतलं स्वतःचं नाव नुसतं वाचलं. चहा घेतला आणि पुढच्या गाडीनं गेली. हक्कसोड तिनं अजून दिलेलं नाही. मी स्वतः मालक गेल्यावर नाव लागावं म्हणून सहा महिने चकरा मारलेल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत मी कुणाची भीड ठेवली नाही. ठेवायलाही नको होती असंच मला आजही वाटतं. सामाईक खात्यांचं त्या मानानं लवकर मिटलं. सगळ्या खातेदारांनी लेखी संमती देऊन एकाचं नाव मतासाठी पुढं केलं.

पण तिसरा रकाना, राबणाऱ्या माणसाचा, तो मला मिटवता आला नाही.

महसूल कायद्यात दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांतला फरक मला तेव्हा कळला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 'जमीन धारण करणे' म्हणजे जमिनीचा कायदेशीर कब्जा असणे, मग तो कब्जा प्रत्यक्ष असो वा नसो. म्हणजे पुण्याला नोकरी करणारा मालकही धारक. 'भोगवटादार' म्हणजे ज्याचा कब्जा प्रत्यक्ष आहे असा धारक. पण त्यातून कूळ आणि शासकीय पट्टेदार वगळलेले आहेत. आपण बोलताना म्हणतो, जो भोगतो तो भोगवटादार. कायद्यात तसं नाही. आमच्या मायनरवर निदान तिसरा हिस्सा रान बटईनं (पिकाच्या वाट्यावर) नाहीतर ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर) केलं जातं. बटईदार बी आणतो, रात्रीचं दारं धरतो, पण त्याच्याकडे एकही कागद नसतो. तोंडी बोलणं, गुढीपाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला सुटतं. कागदावर तो धारकही नाही आणि भोगवटादारही नाही.

कागद का नसतो, याचं उत्तर मराठवाड्यात प्रत्येकाला पाठ आहे. आपल्याकडचा कूळकायदा निजामाच्या राज्यानंतरचा, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. त्या कायद्यानं अनेकांना जमिनी मिळाल्या, अनेकांच्या गेल्या. त्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्यामुळे बटईदाराचं नाव कुठल्याही सरकारी कागदावर यायचं म्हटलं की मालकाचा जीव वरखाली होतो. पाण्याच्या यादीत नाव लागलं, उद्या तेच दाखवून कूळ लागलं तर? मी तीन मालकांशी बोलले, तिघांनी हेच सांगितलं आणि त्यांच्यापैकी कुणीही दुष्ट माणूस नाही. एक तर बटईदाराच्या पोराची फी भरतात.

आमच्या मायनरवरचा एक बटईदार, सगळे त्याला दादा म्हणतात, तो टेलच्या शेवटच्या आउटलेटवरचं रान पंधरा-सोळा वर्षं करतो. चारी कुठं फुटते, कुठल्या रानाला किती तास लागतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. शिवारफेरीत आम्ही त्यालाच पुढं घालून चाललो होतो. यादी चावडीवर लावली त्या दिवशी तो आला, दोन्ही पानं बोट लावून वाचली आणि काही न बोलता गेला.

२०१८ चा पावसाळा दगा देऊन गेला. धरणात पाणी नाही म्हटल्यावर संस्थेचं नावही कुणी काढेना. यादी माझ्या कपाटात पडून राहिली. २०१९ ला नाथसागर भरला आणि कालवा सल्लागार समितीनं रब्बीची आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, ठरवली, तेव्हा लोक आपण होऊन विचारायला आले. मग हद्दीची अधिसूचना, यादीवरच्या हरकती, निवडणूक, हे सगळं हिवाळ्यात उरकलं. संचालक हेड, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांतून घ्यायचे असतात, महिलांसाठी जागा राखीव असतात. आता 'टेल' कुठून सुरू होतो? मायनरच्या लांबीचे तीन भाग करायचे की जमिनीचे? लांबीनं केले तर हेडला जमीन जास्त आणि माणसंही जास्त. आम्ही क्षेत्राचे तीन भाग पाडले आणि प्रत्येक भाग आउटलेटवर तोडला, म्हणजे एका आउटलेटखालचे लोक दोन भागांत जाणार नाहीत. अध्यक्षपद तिन्ही भागांत फिरतं आणि सुरुवात टेलपासून होते. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या माणसांना पहिल्यांदा वाटलं की हा कायदा लिहिणारा कधीतरी कोरड्या चारीत उभा राहिला असेल. संचालक म्हणून मी टेलमधून बिनविरोध आले.

पैशाचं थोडक्यात सांगते. संस्था घनमीटरवर पट्टी भरते. हा आकडा लोकांना कळावा म्हणून मी फळ्यावर एक हिशेब मांडते: एक क्यूसेक पाणी चोवीस तास चाललं तर सुमारे २,४४७ घनमीटर होतं. गव्हाच्या एका पाळीला साडेसात सेंटिमीटर पाणी धरलं तर हेक्टरी ७५० घनमीटर लागतात. म्हणजे एका क्यूसेकमध्ये दिवसाला तीन हेक्टर भिजायला पाहिजे. आपलं दोनच भिजत असेल, तर एका हेक्टरचं पाणी चारीत मुरलं आणि त्याचे पैसे सगळ्यांनी भरले. हे सांगितल्यावर चारी साफ करायला माणसं बोलवावी लागत नाहीत. पाणीपट्टीवर २० टक्के स्थानिक उपकर असतो, तोही संस्थेच्या बिलात धरावा लागतो. पहिल्या वर्षी आम्ही तो विसरलो आणि खिशातून वर्गणी काढली. सभासदांना काय दर लावायचा ते संस्था ठरवू शकते. आम्ही तासावर लावला, कारण टेलला पाणी बारीक येतं म्हणून टेलच्या तासाचा दर कमी. हे सभेत दोनदा पडलं आणि तिसऱ्यांदा पास झालं. शिवाय चारीच्या दुरुस्तीसाठी एकरी थोडी पट्टी सगळ्यांना, पाणी घ्या अगर न घ्या. त्यावरून अजून कुरकुर आहे. ज्यांची विहीर भरलेली असते ते म्हणतात आम्ही कशाला भरू. मी म्हणते, मायनर चालला की तुमची विहीर वर येते. हे त्यांनाही माहीत आहे, पण दरवर्षी सांगावं लागतं.

पहिलं मोजून पाणी आलं ते २०२०-२१ च्या रब्बीत. फ्ल्यूमच्या पट्टीचं वाचन सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं काम दादाकडं द्यावं असं मी सुचवलं. कुणी नाही म्हटलं नाही. तो सभासद नाही, संचालक होऊ शकत नाही, सभेत हात वर करू शकत नाही. पण मायनरच्या तोंडाशी किती पाणी आलं ते त्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे. टेलच्या शेवटच्या आउटलेटला पाणी पोचलं त्या रात्री साडेतीनला त्याचाच फोन आला. "ताई, आलं. गुडघ्याएवढं नाही, पण आलं."

आवर्तन संपल्यावर तो पट्टी भरायला केंद्रात आला. मी पावतीपुस्तक उघडलं आणि मालकांचं नाव लिहायला लागले. तो म्हणाला, "माझं नाव कुठंच येत नाही का हो यात?" पावतीवर खाली एक रकाना असतो: 'हस्ते'. पैसे कुणी आणून दिले त्याचं नाव. इतर पावत्यांवर तो मी कोराच सोडत होते. मी त्याच्या देखत मालकांना परभणीला फोन लावला आणि सरळ विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हस्ते लिहिलं म्हणून काही कूळ लागत नाही ना?" मी सांगितलं, नाही लागत, ही पावती तुमच्याच नावाची आहे. "मग लिहा," म्हणाले.

मी लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दादानं पावती उजेडाकडं धरून वाचली, 'हस्ते' पुढच्या अक्षरांवर बोट ठेवून, आणि म्हणाला, याची एक झेरॉक्स काढून द्या, मूळ पावती मालकाला पाठवायची असते.